मुलुंड ते महाबळेश्वर, मार्गे सबनीस

अण्णा सबनीसांकडे मोटार नव्हती. मोटार चालवताही येत नव्हती. एक सायकल होती, पण तीसुद्धा ते हातात धरून चालत न्यायचे, बसायचे नाहीत. मात्र मुलुंडहून महाबळेश्वरला मोटारीनं जायचं तर वाटेत किती नाके लागतात, कुठल्या नाक्यावर जाताना टोल घेतात आणि कुठल्यावर येताना, पुलाचा वेगळा किती आणि गावात शिरायचा वेगळा किती, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाचवं माणूस मांडीवर घेतलं तर ते धरतात की नाही, हेसुद्धा.

मुलुंडला आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत आमचं घर होतं. शेजारची एक खोली आणि पुढचा पडवीचा तुकडा अण्णांचा. फोर्टमधल्या एका कचेरीत ते आस्थापना शाखेत कारकून होते. कोणाची नेमणूक, कोणाची बदली, कोणाची रजा हे कागद आयुष्यभर त्यांच्या हाताखालून गेले. स्वतःची बदली कधी झाली नाही आणि रजा त्यांनी कधी घेतली नाही. पंचावन्न-छप्पन्नचं वय, लग्न केलेलं नाही, जेवण खानावळीत. एक भाऊ इंदूरला होता म्हणे. त्याचं पत्र आलेलं मात्र मी पाहिलं नाही.

आणि तरी पत्रं सगळ्यांत जास्त कोणाला येत असतील तर ती अण्णांना. आमच्या पोस्टमनची बरेच दिवस अशी समजूत होती की हे गृहस्थ रस्त्याचे कंत्राटदार आहेत. कारण सगळी पोस्टकार्डं नाक्यांवरून यायची. अण्णा जवाबी कार्ड पाठवत. एका अर्ध्या भागावर स्वतःचा पत्ता आधीच लिहिलेला, दुसऱ्यावर मजकूर: "रा. रा. नाका कारकूनसाहेब यांसी, लहान मोटारगाडीस, चार आसनी, आपणाकडे हल्ली काय दर आकारतात ते कळवण्याची कृपा व्हावी."

"अण्णा, मागच्या वर्षीच विचारलंत ना?" मी म्हणायचो.

"दर बदलला असेल. विचारून ठेवलेलं बरं."

हे त्यांचं पालुपद. विचारून ठेवलेलं बरं. आलेली उत्तरं ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. तारखेप्रमाणे नाही, रस्त्याप्रमाणे. ठाण्याचं सगळ्यांत पुढे, मग पनवेलकडचं, मग बोरघाट, मग पुणं, मग शिरवळ. डबा उघडून बोटानं कार्डं मागे ढकलत गेलं की माणूस बसल्या जागी डोंगर चढायचा. गल्लीतलं कोणी लग्नाचं सामान घेऊन नाशकाला निघालं, की ट्रकवाल्याआधी अण्णांना विचारून जायचं. त्या बाजूचा त्यांचा अभ्यास कच्चा होता. तसं ते प्रांजळपणे सांगायचे आणि त्याच संध्याकाळी दोन कार्डं टाकायचे.

मग नये पैसे आले आणि अण्णांची झोप उडाली. सहा आण्यांचे होतात साडेसदतीस नये पैसे. अर्धा पैसा तर टाकसाळीनं पाडलेलाच नाही. तो कोणी सोसायचा, मोटारवाल्यानं की सरकारनं? अण्णांनी सगळ्या नाक्यांना कार्डं टाकली. बहुतेकांनी छापील तक्ता पाठवला. दोघांनी उत्तरच दिलं नाही. वाईच्या पुढं, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याला एक नाका होता, तिथल्या पिसाळ नावाच्या कारकुनानं मात्र लिहिलं, "अर्धा पैसा आम्ही सोसू. आपण एकदा यावे."

ते कार्ड अण्णांनी गल्लीभर दाखवलं.

"माणूस म्हणजे हा," ते म्हणाले. "बाकीचे नुसते दर कळवतात."

माझ्या बायकोला, सुमनला, अण्णांचा वैताग यायचा. दिवेलागणीला ते आमच्या दारात येऊन उभे राहायचे. आत या म्हटलं तर "नको, उभाच बरा आहे" म्हणायचे आणि पाऊण तास उभे राहायचे. नाक्यांपासून सुरुवात करायची आणि हळूहळू आमच्यावर यायचं. मीनाचे पुढचे दात पडले का, माझा कान आता दुखतो का, आज कसला वास येतोय. वास वालाच्या बिरड्याचा असला तर सुमन नाइलाजानं एक वाटी द्यायची. असं तीन-चारदा झालं असेल. "सगळं विचारतात मेले," ती आत येऊन पुटपुटायची. "जनगणनेला आल्यासारखे."

मी एका औषधांच्या कंपनीत फिरता विक्रेता होतो. कंपनीनं उसने पैसे दिले आणि विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाची छोटी जुनी गाडी मला मिळाली. दार लावताना दोनदा आपटावं लागायचं, चढावर पाणी उकळायचं, पण गाडी होती. त्या मे महिन्यात महाबळेश्वरला जायचं ठरलं. आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मीना. मागच्या सीटवर एक जागा उरत होती.

"अण्णांना विचारू या?" मी म्हणालो.

"दिवसभर ते नाके ऐकायचे?"

"त्यांनी आयुष्यभर तयारी केलीय गं."

सुमननं बराच वेळ पोळी लाटली. "विचार," ती म्हणाली. "पण मागं मी बसणार नाही त्यांच्या शेजारी."

मी विचारलं तेव्हा अण्णा पडवीत कपडे वाळत घालत होते. हातातला सदरा तसाच धरून ते म्हणाले, "कोणत्या तारखेला?" मी तारीख सांगितली. त्यांनी सदरा वाळत घातला, पुन्हा काढला, झटकला, पुन्हा घातला. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या नाक्यांना कार्डं टाकली, "अमुक तारखेस आपणाकडून जात आहोत." नोकरीत पहिल्यांदा त्यांनी रजेचा अर्ज केला. साहेबानं म्हणे अर्ज दोनदा वाचला.

निघायच्या दिवशी पहाटे ते काळा कोट, टोपी आणि मफलर घालून गाडीजवळ हजर. मे महिना. सुमननं माझ्याकडे पाहिलं, मी गाडीकडे पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशात प्रत्येक नाक्याचं वेगळं पाकीट होतं, वर नाव, आत मोजून सुटे पैसे. मी पैसे देऊ लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "गाडी तुझी, पेट्रोल तुझं. टोल माझा. यात बोलायचं नाही."

गंमत अशी, की नाक्यावर ते गाडीत बसून पैसे द्यायचेच नाहीत. "त्यांनी का उन्हात यायचं?" म्हणून स्वतः उतरायचे. टोपी सारखी करायची, खिडकीपाशी जायचं आणि पाकीट पुढे करण्याआधी विचारायचं, "जोशी कारकून आपणच का?"

पहिल्या नाक्यावरच्या जोश्यांची बदली झाली होती. दुसऱ्या नाक्यावरचे रजेवर. तिसऱ्या नाक्यावरचा माणूस तोच होता. त्याच्या हातची पाच कार्डं डब्यात होती. त्यानं अण्णांकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "रोज शंभर चौकश्या येतात हो. पैसे काढा, मागं लॉरी उभी आहे." मागून लॉरीवाला भोंगा वाजवतच होता.

अण्णा परत येऊन बसले. "कामात होते," ते म्हणाले.

सुमन पुढच्या सीटवरून मागे वळली. ती सकाळपासून त्यांच्याशी दोन शब्दसुद्धा बोलली नव्हती. "अण्णा, पुरी खाता का?" ती म्हणाली. "तिखटमिठाची आहे."

पुण्याच्या पुढे गाडीत ऊन भरलं. कात्रज गेला, शिरवळ गेलं, खंबाटकी चढताना गाडीचं पाणी एकदा उकळलं. अण्णा आता नाक्यांबद्दल काही बोलत नव्हते. मफलरचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होते. सुरूरचा फाटा आला. तिथून उजवीकडे वाई आणि घाट, सरळ गेलं तर सातारा.

"वसंता," अण्णा एकदम म्हणाले, "सरळच जाऊ या का? साताऱ्यावरून मेढ्यामार्गे पण रस्ता जातो."

मला वाटलं माझ्या कानाचा दोष. "अण्णा, तो केवढा लांब पडेल!"

"रस्ता चांगला आहे म्हणतात. झाडी आहे."

"पिसाळांना भेटायचं नाही का? अर्धा पैसा सोसणारे?"

"ते कामात असतील," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा मी आरशात पाहिला. ताप आलेल्या माणसासारखा दिसत होता.

"मीनाला मळमळतंय," सुमन म्हणाली. "लांबचा रस्ता नको." मी गाडी उजवीकडे वळवली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

वाई मागे पडली. वडांच्या दाट सावलीतून रस्ता घाटाच्या पायथ्याशी आला. तिथे पत्र्याची एक शेड, आडवा बांबू, आणि शेजारीच एका खोलीचं घर. मी गाडी थांबवली न थांबवली तोच शेडमधून एक बुटका, काळासावळा माणूस कानावर पेन्सिल खोचलेला धावतच बाहेर आला. त्यानं गाडीचा नंबर पाहिला, मग आत वाकून पाहिलं.

"मुंबईची गाडी! सबनीस रावसाहेब न्हवं?"

अण्णा उतरले. उतरताना त्यांची टोपी दाराला लागून खाली पडली, ती पिसाळांनी उचलून, झटकून, दोन्ही हातांनी त्यांना दिली. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ये, आलं बघ पाव्हणं! सगळी आल्यात!"

सगळी म्हणजे कोण, हे मला कळेना. पिसाळ आता गाडीच्या मागच्या खिडकीशी वाकले होते.

"ही मीना! दात आलं का गं बाय पुढचं? बघू?"

मीनानं दात दाखवले. पिसाळांना केवढा आनंद झाला! मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही वसंतराव. कान बरा हाय का आता? ऑपरेशन झालं तवा रावसाहेबांनी लई काळजीनं लिवलं हुतं. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई म्हणले. बापाचा जीव, त्यो तसाच असतो बघा."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा जमिनीकडे पाहत होते.

"सूनबाई," पिसाळ सुमनला म्हणाले, "तुमच्या हातच्या बिरड्याचं किती वाचलंय आम्ही! दर सोमवारी करता न्हवं, मामंजींसाठी? आमची ही म्हणती, ते काय असतंय एकदा इचारा तरी."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. आमच्या घरात पाऊल न टाकता या माणसानं आमचं अख्खं घर उचलून नेलं होतं. माझा कान, माझ्या मुलीचे दात, माझ्या बायकोचा स्वयंपाक. पाच-पाच ओळींत पोस्टकार्डावर घालून ते इथे, या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. माझे वडील मी आठ वर्षांचा असताना गेले. त्यांची जागा कोणी न विचारता घ्यावी? मी तोंड उघडलं.

सुमन माझ्या आधी गाडीतून उतरली. तिनं पदर डोक्यावरून घेतला. मुंबईत तिला तसा पदर घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. घरातून पिसाळांची बायको ताट घेऊन येत होती. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. एवढं सगळं म्हणजे आदल्या दिवसापासून तयारी असणार. तिनं वडाखाली पाट मांडला.

"थांबा हं," सुमन तिला म्हणाली. "आधी अण्णांना नमस्कार करते." आणि ती वाकली. धुळीत, अण्णांच्या त्या जुन्या बुटांशी.

अण्णांचा हात वर झाला आणि तिथेच राहिला. आशीर्वाद द्यायची सवय नव्हती बिचाऱ्यांना. "हो, हो," एवढंच ते म्हणाले. "हो, बरं आहे."

सुमन पाटावर बसली. पिसाळांच्या बायकोनं तिची ओटी भरली, गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पिसाळ आणि अण्णा एका बाकावर शेजारी-शेजारी बसले होते, दोघंही पाहुण्यासारखे ताठ. तेवढ्यात गाडीतून मीना ओरडली,

"सबनीसआजोबा! मला पाणी हवंय! सबनीसआजोबा!"

सुमनचे वडील ते नुसते आजोबा. म्हणून शेजारचे ते सबनीसआजोबा. पोरीनं हे कधीच ठरवून टाकलं होतं.

सुमनचा ओटीतला हात थांबला. अण्णा बाकावर इतके आकसले, की कोट रिकामा वाटायला लागला. मग पिसाळ उठले, माठातून तांब्या भरून घेतला, मीनाला कडेवर घेऊन तिला पाणी पाजलं आणि तिचं तोंड आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं. "मोठ्ठा घोट घे, बाय. घाट चढायचाय."

टोल द्यायला अण्णांच्यानं उठवेना. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी शेडमध्ये गेलो. पिसाळांनी पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि मान खाली घालून नंबर लिहू लागले. लिहिता लिहिताच हळू म्हणाले,

"पोर आजोबाला आडनावानं हाक मारती जनू?"

मला खोटं बोलवेना, आणि खरंही बोलवेना. "हो," मी म्हणालो. "मारते."

पेन्सिल क्षणभर थांबली. पुन्हा चालू झाली.

"असंल. मुंबईकडं तशी रीत असंल."

त्यांनी पावती फाडली, माझ्या हातात दिली. मग बाहेर अण्णांकडे नजर टाकून म्हणाले, "रावसाहेबांना म्हणावं, पत्र बंद करू नका. हितनं दिवसाला एवढ्या मोटारी जात्यात, पर 'पिसाळ, बरं हाय का' असं इचारनारा एकच मानूस हाय. माझ्या थोरलीचं बाळंतपण अडलं हुतं, तवा सलग चार कार्डं आली त्यांची. आमच्या सख्ख्या भावाचं आलं न्हाई."

मी मान हलवली. बाहेर येऊन पाहतो तर सुमन पिसाळांच्या बायकोला बिरडं कसं करायचं ते सांगत होती. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. त्या माउलीला वाल ठाऊकच होते, पण ती सगळं नवीन असल्यासारखं ऐकत होती.

घाटात अर्ध्यावर गाडीचं पाणी पुन्हा उकळलं. मी वळणावर गाडी कडेला घेतली, झाकण उघडून ठेवलं. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता, पण वारा गार सुटला होता. अण्णा उतरून कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी आणि सुमन त्यांच्यामागे गेलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"पाचगणीला मला उतरवा," ते म्हणाले. "तिथून एस.टी. मिळते. मी परत जातो."

"का म्हणून?" सुमन म्हणाली.

"सुमनबाई, मी चोरी केली." त्यांचा आवाज कचेरीतला झाला होता, कागद वाचून दाखवतात तसा. "आधी नुसतेच दर विचारायचो. मग पिसाळांनी लिहिलं, घरी कोण कोण असतं? आता कार्डावर 'कोणी नाही' असं काय लिहायचं? लिहून पाहिलं एकदा. फार वाईट दिसलं. वसंताला वडील नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जागा रिकामीच आहे. मी आपली हंगामी नेमणूक करून घेतली. कार्डापुरती. कोणाला त्रास होईल असं वाटलं नाही. मोटार मिळेल आणि इथवर येणं होईल, हे डोक्यातच नव्हतं."

मी राग शोधला. तो खाली वडाखालीच राहिला होता.

सुमननं ओटीतला नारळ काढून त्यांच्यापुढे धरला. "हा धरा जरा. माझा पदर सुटतोय केव्हाचा." अण्णांनी नारळ दोन्ही हातांत घेतला. "आणि एस.टी.बिस्टी काही नाही," ती पदर खोचत म्हणाली. "चार माणसांची जागा सांगितलीय तिथं. तुमचं जेवण कोण जेवणार?"

अण्णा नारळ धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"वसंता, तू आत गेला होतास. पिसाळ काही म्हणाले का? पोर तशी ओरडली... त्यांना कळलं नाही ना काही?"

सुमनही माझ्याकडे पाहत होती. तिलाही ठाऊक नव्हतं.

"नाही हो, अण्णा," मी म्हणालो. "त्यांना काय कळणार? पत्र टाकत जा म्हणाले."

"म्हणाले?"

"हो. बंद करू नका म्हणाले."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मीना मागून येऊन त्यांच्या कोटाला लोंबकळत होती. त्यांनी नारळ माझ्याकडे दिला, तिला दोन्ही हातांनी उचललं. जरा अवघडूनच, कारण याआधी त्यांनी तिला कधी उचललं नव्हतं. आणि तिला कठड्यावरून खाली दाखवू लागले.

"तो पत्रा चमकतोय बघ, झाडाशेजारी. दिसला? तो पिसाळआजोबांचा नाका. हात कर. कर ना. त्यांना दिसतं तिथून."